मुंबईतली नावाजलेली सँडविचेस खायला निघताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईतल्या नामवंत हॉटेलांमधली, कॅफेंमधली आणि बेकऱ्यांमधली सँडविचेस एकेक करून खाऊन बघायची असं ठरवलेली मंडळी मला जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. ज्या प्रश्नावर बोलण्यासारखं पुष्कळ आहे तिथे सविस्तर लिहिलंय, बाकीचं दोन ओळींत आटोपलंय.

सुरुवात कुठल्या हॉटेलपासून करावी?

हॉटेलपासून करूच नका. आधी फूटपाथवरच्या सँडविचवाल्याकडे जा आणि साधं व्हेज सँडविच मागा. टोस्ट नको, चीज नको. चर्चगेटला एच. आर. आणि के. सी. कॉलेजच्या आसपास, फोर्टात दलाल स्ट्रीटच्या गल्ल्यांमध्ये, विलेपार्ल्याला मिठीबाई कॉलेजच्या परिसरात, घाटकोपरच्या खाऊगल्लीत, कुठेही चालेल. ऑफिस सुटायच्या वेळी ज्याच्यापुढे गर्दी असते तो निवडा. त्याचा माल पडून राहत नाही.

हे आधी का करायचं? तर हॉटेलात पुढे जे खाणार आहात त्याला माप हवं म्हणून. मुंबईचं सँडविच रस्त्यावर घडलं. हॉटेलवाल्याने अमुक इतके पैसे घेऊन त्यात काय भर घातली, हे कळायला मूळ चव जिभेवर असावी लागते. ती नसेल तर महागडं चीज आणि सुंदर प्लेट बघूनच माणूस भारावतो.

पण साध्या सँडविचमध्ये बरं-वाईट ते काय असणार?

खूप असतं. सँडविचवाल्याचे हात जरा लक्ष देऊन बघा. आधी स्लाइसच्या कडा लांब पात्याच्या सुरीने कापून बाजूला. मग लोणी, आणि ते थेट कोपऱ्यापर्यंत. लोणी नुसतं चवीला नसतं. त्याचा थर चटणीचं आणि टोमॅटोचं पाणी ब्रेडमध्ये मुरू देत नाही. जिथे लोणी पोचलेलं नाही तिथे पाच मिनिटांत ब्रेडचा लगदा होतो. त्यावर हिरवी चटणी, मग उकडलेल्या बटाट्याच्या चकत्या, काकडी, टोमॅटो, कांदा, बीट. दर थरावर चिमूटभर मसाला पडला पाहिजे. शेवटी एकदाच भुरभुरून भागत नाही. या मसाल्यात भाजलेलं जिरं, काळं मीठ, आमचूर, मिरी असतेच, पण बडीशेप आणि दालचिनीचा वास आला की समजावं, यानं मसाला मनापासून केलाय.

चकत्यांची जाडी हा माझ्या मते सगळ्यात मोठा कस. बटाटा जाड झाला की घास कोरडा पडतो, आणि टोमॅटो जाड झाला की पहिल्याच घासाला तो आख्खा बाहेर ओढला जातो. चांगल्या हाताचं सँडविच चावलं की सगळे थर एकाच जागी तुटतात.

टोस्ट मागवलंत तर तो हातातला चिमट्यासारखा टोस्टर शेगडीवर उलटापालटा होताना दिसेल. बाहेर आलेल्या कडा तो तिथेच छाटतो, वरून परत लोणी फिरवतो, तुकडे करतो आणि शेव घालून देतो. मसाला टोस्टमध्ये चकत्यांऐवजी बटाट्याची पिवळी भाजी असते. तो वेगळा प्रकार आहे, साध्याशी त्याची तुलना करू नका.

मग हॉटेलात जायचंच कशाला?

कारण रस्त्यावर न मिळणाऱ्या तीन गोष्टी तिथे मिळतात: स्वतःच्या भट्टीतला ताजा ब्रेड, वरून आच देणारी ओव्हन, आणि अंडी-मांसाचे प्रकार. चौथी गोष्ट म्हणजे बसायला खुर्ची. मुंबईत तिची किंमत कमी लेखू नये.

मात्र प्रत्येक ठिकाणी तिथला एकच ठरलेला पदार्थ खायला जावं. इराण्याकडे जाऊन क्लब सँडविच आणि ताजमध्ये जाऊन व्हेज ग्रील मागवणाऱ्यांची हमखास निराशा होते, आणि त्यात दोष हॉटेलचा नसतो.

दक्षिण मुंबईत कुठे कुठे जावं?

धोबी तलावला मेट्रो सिनेमासमोर कयानी अँड कंपनी आहे, 1904 सालापासून. इथे दोन पावांमध्ये काही भरलेलं शोधायचं नाही. ब्रुन मस्का आणि चहा घ्या. ब्रुनचं कवच कडक असतं, आत मऊ. मस्का सढळ लावलेला असतो. ब्रुन चहात बुडवायचा, पण कवच पूर्ण भिजायच्या आत तोंडात टाकायचा. नंतर भूक असेल तर अकुरी घ्या, म्हणजे कांदा, मिरची, टोमॅटो, कोथिंबीर घालून ओलसर ठेवलेली पारशी पद्धतीची अंड्याची भुर्जी. टोस्टवर घेऊन खाल्लीत तर ते उघडं सँडविचच झालं. अकुरी कोरडी झाली तर तिच्यात काही राम नाही, तेव्हा आल्या आल्या संपवा.

चर्चगेटला गेलॉर्ड आहे, 1956 सालचं. बाहेर फूटपाथच्या कडेला बसायची सोय आहे आणि बेकरीचा भाग वेगळा आहे. संध्याकाळी ऑफिसं सुटताना तिथे बसून बेकरीतलं एखादं चिकन सँडविच खाणं हा जुन्या मुंबईतला शांत आनंद आहे. तिथे घाईने जाऊ नका.

कुलाब्याचं थिओब्रोमा 2004 साली सुरू झालं आणि आता त्याच्या शाखा सगळीकडे आहेत. ब्राउनीसाठी लोक जातात, ते योग्यच. सँडविच हा तिथला दुय्यम भाग आहे.

आणि मग ताजमहाल हॉटेलातलं सी लाउंज. हे हॉटेल 1903 मध्ये उघडलं, गेटवे ऑफ इंडिया पुरा झाला 1924 मध्ये, आणि सी लाउंजच्या खिडकीतून तो गेटवे आणि पलीकडचं बंदर दिसतं. इथे चिली चीज टोस्ट मागवा. एका स्लाइसवर चीज, बारीक चिरलेली हिरवी मिरची, वरून आच. हा पदार्थ मुंबईतल्या शेकडो घरांत रविवारी सकाळी होतो, आणि म्हणूनच तो इथे खाऊन बघावा. चीज सगळीकडे सारखं पसरलंय का, कडा जळलेल्या नाहीत ना, आणि ब्रेड खालून कुरकुरीत राहिलाय का, एवढंच बघायचं. तिथला ब्रेड शेवटच्या घासापर्यंत कुरकुरीत असेल तर पैसे वसूल.

चिली चीज टोस्टला साधं डब्यातलं चीजच का चांगलं लागतं?

कारण प्रोसेस्ड चीजमध्ये चरबी आणि पाणी एकत्र धरून ठेवणारे क्षार घातलेले असतात. त्यामुळे ते तापलं तरी तेल सोडत नाही, एकसारखं वितळतं. जुनं मुरवलेलं चेडर नुसतं तापवलं तर तेल वेगळं होतं आणि खाली चिवट गोळा राहतो. आपल्या जिभेला अमूलच्या चीजची सवय आहे हेही खरं, पण नुसती सवय नाही, त्याला कारण आहे.

क्लबचे सभासद नसलेल्यांना एग्ज केजरीवाल कुठे मिळेल?

हा पदार्थ विलिंग्डन स्पोर्ट्स क्लबचा. क्लब 1918 सालचा आहे आणि आत जायला सभासद सोबत लागतो. देवीप्रसाद केजरीवाल नावाचे सभासद होते. घरी अंडं चालत नसे, म्हणून ते क्लबात टोस्टवर चीज आणि हिरवी मिरची घालून वर अंडं मागवत, असं सांगितलं जातं. पुढे मेन्यूवर त्यांचंच नाव लागलं.

लोअर परळच्या कमला मिल्समध्ये 2015 साली सुरू झालेल्या द बॉम्बे कॅन्टीनने तो मेन्यूवर घेतला आणि क्लबाबाहेरच्या लोकांना त्याची ओळख झाली. आता अनेक कॅफे तो करतात. कुठेही खा, पण अंड्याचा बलक वाहता असला पाहिजे. तो फुटून चीजवर उतरतो आणि मिरचीचा तिखटपणा निवतो, सगळी गंमत त्यात आहे. बलक घट्ट आला तर प्लेट परत पाठवायला संकोच करू नका.

वांद्र्यात काय सोडू नये?

वांद्र्यासाठी वेगळा दिवस ठेवा. हिल रोडला होली फॅमिली हॉस्पिटलला लागून हर्श बेकरी आहे. काउंटरवर काय शिल्लक आहे ते बघायचं, चिकनचं काहीतरी घ्यायचं आणि उभ्याउभ्या खायचं. पाली हिलच्या बाजूला कॅन्डीज. तिथे आपण जाऊन आपलं आपण घ्यायचं असतं, त्यामुळे काचेआडचं सगळं नीट बघून निवडता येतं. चिकन आणि मेयोनीज घातलेली गार सँडविचेस ही तिथली ओळख. गार सँडविचला आपल्याकडे लोक नाक मुरडतात. पण ब्रेड ताजा आणि मऊ असेल, चिकन बारीक तोडलेलं असेल आणि मेयोनीज फक्त बांधून ठेवण्यापुरतं असेल, तर उन्हाळ्याच्या दुपारी त्याच्याइतकं दुसरं काही बरं वाटत नाही.

रनवार गावठाणात व्हेरॉनिकाज आहे. पूर्वी तिथे ज्यूड बेकरी होती. बॉम्बे कॅन्टीनच्याच चमूने 2023 मध्ये हे सँडविचचं दुकान सुरू केलं. मुंबईत सँडविच हाच मुख्य पदार्थ धरून, त्यासाठी ब्रेडपासून विचार केलेली जागा म्हणून ती बघण्यासारखी आहे. शनिवार-रविवारी रांग असते. मधल्या वारी सकाळी गेलेलं बरं.

तिथवर गेलात तर रनवारच्या गल्ल्यांमधून दहा मिनिटं पायी फिरा. लाकडी जिने, ओटे, दारापुढचे क्रूस. हे ईस्ट इंडियन लोकांचं, म्हणजे मुंबईतल्या मूळच्या ख्रिस्ती मंडळींचं, जुनं गाव, आणि त्यांची बोली मराठीच. वांद्र्याला इंग्रजी खाणं खायला आलो, असं समजून येणाऱ्या मराठी माणसाने हे लक्षात ठेवावं. बाटलीत भरून ठेवतात म्हणून बॉटल मसाला नाव पडलेला त्यांचा मसाला कुठे मिळाला तर घरी जरूर न्या.

मेन्यूवर ‘टेंडरलॉइन’ किंवा ‘बफ’ लिहिलेलं असतं, ते काय?

मुंबईत त्याचा अर्थ म्हशीचं मांस. महाराष्ट्रात 2015 पासून गायीबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे, म्हशीवर नाही. ज्यांना चालत नाही त्यांनी मागवण्याआधीच विचारावं. हॅम, बेकन आणि सलामीच्या बाबतीतही विचारून घ्यावं. सलामी चिकनचीही असते, डुकराचीही. वेटरला विचारण्यात कमीपणा नाही.

आम्ही शाकाहारी आहोत. आमचं काय? आणि श्रावणात?

तुमची चंगळ आहे. रस्त्यावरचं बहुतेक सगळं तुमचंच. हॉटेलात एकच खबरदारी घ्या: मेयोनीज अंड्याचं की बिनअंड्याचं, हे विचारा. कोलस्लॉ (मेयोनीज घातलेली कोबीची कोशिंबीर), क्लब सँडविच, ‘व्हेज मेयो’ या सगळ्यांत हा प्रश्न येतो. शाकाहारी आणि मांसाहारी दोन्हींना ग्रील एकच असेल का, हेही ज्यांना चालत नाही त्यांनी विचारावं.

जैन सँडविच मागितलंत तर कांदा, बटाटा, बीट गाळतात आणि बटाट्याच्या जागी बहुतेकदा कच्चं केळं येतं. जैन नसाल तरी एकदा खाऊन बघा. केळ्याचा किंचित तुरटपणा हिरव्या चटणीशी छान जमतो.

घरात श्रावण पाळत असाल तर महिनाभर फूटपाथ, उडपी आणि सी लाउंजचं टोस्ट करा, आणि वांद्रे गणपतीनंतर. उपासाच्या दिवशी मात्र ब्रेड चालत नाही, तेव्हा संकष्टी आणि एकादशी बघूनच बेत ठरवा.

उडप्याच्या हॉटेलातलं सँडविच यादीत धरायचं का?

धरायचं, आणि मानाने धरायचं. डोसा-इडली संपली की मेन्यूच्या शेवटच्या पानांवर सँडविचेस असतात: व्हेज टोस्ट, चीज ग्रील, क्लब. तीन स्लाइसचं, काडी खोचलेलं, कोबी-गाजर-मेयोनीज भरलेलं, बाजूला वेफर्स आणि सॉसची वाटी असलेलं ते क्लब सँडविच म्हणजे कित्येक मराठी घरांतल्या मुलांची हॉटेलातल्या खाण्याशी झालेली पहिली ओळख. परीक्षा संपली, निकाल लागला की ते मिळायचं. कुठल्या एका उडप्याचं नाव मी देत नाही, कारण हा प्रकार आपापल्या नाक्यावरच खायचा असतो. त्यातला मधला स्लाइस टोस्ट केलेला असावा, एवढं मात्र बघा. मधला मऊ राहिला की आख्खं सँडविच घसरतं.

दादरला चांगलं सँडविच कुठे?

दादरला सँडविच शोधण्यात वेळ घालवू नका. आस्वादला मिसळ खा, प्रकाशला साबुदाणा वडा आणि पियूष घ्या. गावाची जी ताकद आहे ती तिथे खावी.

के. रुस्तमचं आइस्क्रीम सँडविच यात येतं का?

दोन पातळ वेफरमध्ये आइस्क्रीमची जाड वडी, चर्चगेटला, ब्रेबोर्न स्टेडियमच्या इमारतीत. ब्रेड नाही, पण चर्चगेट-फोर्टच्या दिवसाचा शेवट इथेच करावा. वितळायच्या आत संपवायचं, फोटो नंतर.

एका दिवसात किती ठिकाणं करावीत?

दोन जण असाल तर तीन ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी एकच प्लेट आणि अर्धी-अर्धी. चौघं असाल तर चार ठिकाणं जमतात. त्यापुढे जीभ थकते, ब्रेड फुगतो आणि शेवटच्या हॉटेलवर अन्याय होतो. तिखट चटणीचं सँडविच आधी आणि मेयोनीजचं नंतर खावं. उलट केलंत तर मेयोनीजनंतर चटणी उगाच जास्त झोंबते. मध्ये गोड सरबत नको. पाणी किंवा बिनसाखरेचा चहा बरा.

जायचं कसं?

दक्षिण मुंबईच्या दिवसासाठी कयानीला मरीन लाइन्स स्टेशन किंवा मेट्रो 3 चं काळबादेवी स्टेशन सोयीचं. तिथून चर्चगेटपर्यंत चालत जा, पुढे कुलाब्याला टॅक्सी किंवा बेस्टची बस. आरे ते कफ परेड अशी संपूर्ण मेट्रो 3 ऑक्टोबर 2025 पासून सुरू आहे, त्यामुळे उपनगरातून येणाऱ्यांना चर्चगेट आणि हुतात्मा चौक ही दोन्ही स्टेशनं थेट मिळतात. रिक्षा माहीमच्या पुढे चालत नाहीत, हे बाहेरगावच्या पाहुण्यांना आधी सांगून ठेवा. वांद्र्याला मात्र स्टेशनच्या पश्चिमेला उतरून रिक्षाच घ्या. गाडी नेऊ नका, हिल रोडला लावायला जागा मिळत नाही.

बिल किती येतं आणि त्यात काय काय लावतात?

रस्त्यावर पोटभर खाऊनही शंभराच्या दोन-तीन नोटांत दोघांचं भागतं. बेकऱ्या आणि इराणी त्याच्या थोडं वर. सी लाउंजला दोघांचं बिल चार आकडी होणार, हे धरूनच जा. साध्या हॉटेलात जेवणावर 5 टक्के जीएसटी लागतो. ज्या हॉटेलात खोलीचं भाडं 7,500 रुपयांच्या वर असतं, तिथल्या रेस्टॉरंटमध्ये 18 टक्के.

सर्व्हिस चार्ज ही वेगळी गोष्ट आहे. तो कर नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये मार्गदर्शक सूचना काढून तो बिलात आपोआप लावायला मनाई केली, आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना कायम ठेवल्या. बिलात दिसला तर शांतपणे काढायला सांगा. ज्या वेटरने नीट वाढलं त्याच्या हातात मात्र वेगळे पैसे ठेवा. ते त्याला मिळतात याची तुम्हाला खात्री असते.

घरी मागवलं तर तीच चव येईल?

नाही. टोस्ट किंवा ग्रील डब्यात बंद झालं की त्याचीच वाफ त्याला भिजवते. दारात येईपर्यंत कवच गेलेलं असतं. मागवायचंच असेल तर गार सँडविच मागवा आणि चटणी वेगळी द्यायला सांगा. गरम प्रकार आलाच तर मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नका. तव्यावर मंद आचेवर दोन्ही बाजूंनी परता. पण नावाजलेल्या ठिकाणाबद्दल मत बनवायचं असेल तर तिथेच जाऊन, तव्यावरून किंवा भट्टीतून उतरल्यावर पाच मिनिटांत खाल्लेल्यावरून बनवा. डब्यातून आलेल्यावरून हॉटेलला नावं ठेवणं बरोबर नाही.

पावसाळ्यात रस्त्यावरचं खावं का?

जिथे गिऱ्हाईक सतत चालू आहे तिथेच, आणि टोस्ट करूनच. उकडून ठेवलेला बटाटा आणि पाणी घातलेली चटणी या दोन गोष्टी दमट हवेत लवकर उतरतात. वास जराही आंबूस आला तर खाऊ नका. पोटाचा त्रास असलेल्यांनी आणि लहान मुलांनी जून ते सप्टेंबर हॉटेलातच खावं. हॉटेलच्या बिलावर 14 आकडी एफएसएसएआय (अन्नसुरक्षा परवान्याचा) क्रमांक असायला हवा, तोही बघून घ्या.

आजी-आजोबांना सोबत न्यायचंय, कुठे नेऊ?

ब्रुन त्यांच्या दातांना जड जाईल, त्याऐवजी बन मस्का मागवा. गेलॉर्ड आणि सी लाउंज दोन्ही सोयीचे, बसायला ऐसपैस आणि घाई कुणी करत नाही. सी लाउंजला आधी फोन करून खिडकीजवळची जागा मिळेल का ते विचारा. उन्हं उतरल्यावर न्या. बंदरावरच्या होड्या बघत त्यांना बसू द्या, टोस्ट तुम्ही कापून द्या.

तशी हिरवी चटणी घरी का होत नाही?

तीन कारणं. एक, आपण कोथिंबिरीचे देठ टाकून देतो. कोवळे देठ चवीला पानांपेक्षा जास्त असतात. दोन, वाटताना मिक्सर तापतो आणि चटणी काळपट पडते. बर्फाचे दोन खडे टाका आणि लिंबू वाटतानाच पिळा. तीन, तिला बांधून ठेवणारं काही नसतं. सँडविचवाले भाजकं डाळं किंवा ब्रेडचा तुकडा वाटून घालतात, म्हणून ती ब्रेडवर पसरते पण पाणी सुटत नाही. पुदिना कोथिंबिरीच्या चौथाईपेक्षा जास्त नको, नाहीतर कडवटपणा येतो. मिरची तिखट घ्या, साखर घालू नका. ही चटणी ज्या दिवशी केली त्याच दिवशी संपवायची.